पहिला संगणक घरी आणताना: आत काय जाते, बाहेर काय येते आणि वीज गेल्यावर काय उरते

संगणक घेण्यापूर्वी सल्ला विचारायला येणारी मंडळी बहुधा आधी पडद्याच्या आकाराबद्दल विचारतात, मग कोणता प्रिंटर घ्यावा ते विचारतात. लिहिलेला मजकूर आणि काढलेले फोटो ठेवायचे कोठे, हा प्रश्न त्यांना सहसा सुचत नाही. मी हा क्रम उलटा करायला सांगतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्या दिवसांत वीज अधूनमधून जाते, हवा दमट असते आणि किनाऱ्यालगतच्या घरांत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. मॉनिटर बिघडला तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात दुसरा मिळतो. आजोबांच्या हस्तलिखिताची एकुलती एक प्रत गेली, तर ती कोणत्याच बाजारात मिळत नाही. म्हणून पुढील पायऱ्या वाचताना हा फरक सतत मनाशी असू द्यावा. येथे डेस्कटॉप संगणक गृहीत धरला आहे. लॅपटॉप घेणाऱ्यांनी जोडणीचा भाग भराभर वाचून पुढे गेले तरी चालेल.

आधी दिशा ओळखावी

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूबाबत माहिती कोणत्या दिशेने जाते, हे प्रथम पाहावे. कीबोर्ड, माऊस, स्कॅनर, मायक्रोफोन आणि वेबकॅम ही माहिती आत पाठवणारी, म्हणजे इनपुट साधने. मॉनिटर, प्रिंटर आणि स्पीकर ही माहिती बाहेर काढणारी, म्हणजे आउटपुट साधने. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ती राखून ठेवणारी, म्हणजे स्टोरेज साधने होत. काही वस्तू दोन्हीकडे काम करतात: स्पर्शाने चालणारा पडदा, माइक असलेला हेडफोन, आणि छापणे व स्कॅन करणे ही दोन्ही कामे करणारा ऑल-इन-वन प्रिंटर.

ही विभागणी शालेय पुस्तकात पाठ करण्यापुरतीच आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा खरा उपयोग बिघाड शोधताना होतो. पडदा काळा दिसला की घरात ‘संगणक बंद पडला’ असे म्हटले जाते. अशा वेळी कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दोन-तीनदा दाबून पाहावी. तिच्यासोबत कीबोर्डवरचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आत जागा आहे, इनपुटचा मार्ग ठीक आहे आणि दोष आउटपुटच्या बाजूला, म्हणजे मॉनिटर, त्याची केबल किंवा त्याचा वीजपुरवठा यांपैकी कशात तरी आहे, असे समजावे. मला बोलावणे आलेल्या घरांपैकी कित्येक घरांत केर काढताना सैल झालेली मॉनिटरची केबल दाबून बसवण्यापलीकडे काहीच करावे लागलेले नाही.

ज्या पेटीला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, तिचे नाव खरे तर कॅबिनेट आहे; सीपीयू ही आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर, बसलेली चिप असते. दुकानात मात्र पेटीला सीपीयूच म्हणावे, उगाच वाद घालू नये. त्याच पेटीत रॅम असते आणि साठवणुकीची डिस्कही असते. रॅम ही पाटीसारखी असते: काम चालू असेपर्यंत मजकूर तिच्यावर दिसतो आणि वीज जाताच पुसला जातो. डिस्कवर लिहिलेले मात्र विजेविना टिकते. कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या, की पाटीवरचे डिस्कवर उतरते. दर परिच्छेदानंतर या कळा दाबण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

जागा आणि वीज

जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, विशेषतः पश्चिमेकडून झड लागणाऱ्या भिंतीला. संगणकाचे टेबल अशा भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे वीतभर जागा सोडावी, म्हणजे हवा खेळेल आणि केबलींपर्यंत हातही पोहोचेल. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, लाकडी पाटावर ठेवले तरी पुरते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूची रिकामी फट पत्र्याच्या पट्टीने बंद असल्याची खात्री करावी, कारण तेथून पाल आत शिरून पॉवर सप्लायमध्ये मरते आणि दुरुस्तीचा खर्च संगणकाच्या मालकाला पडतो.

त्यानंतर अर्थिंग पाहावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा ॲडाप्टर लावून काम भागवणे हा धोका आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संगणक बंद करून आधी वायरमनला बोलवावे.

यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणारी पेटी, घ्यावाच, असे माझे मत आहे. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस घरगुती संगणक आणि मॉनिटर यांना काही मिनिटे चालवतो. ती मिनिटे काम पुढे रेटण्यासाठी नसून फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतात. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही जोडू नये. त्यातील शाई पक्की करणारा रूळ तापताना एकदम मोठी वीज ओढतो आणि छोटा यूपीएस ती पेलू शकत नाही. मे महिन्याच्या अखेरीस वळिवाचा पाऊस येतो तेव्हा आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा कडाडतात. त्या वेळी बटण बंद करून थांबू नये, प्लग भिंतीतून उपसावा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढून ठेवावी, कारण विजेचा वाढलेला दाब त्या वाटेनेही आत येतो.

केबली जोडताना

सर्व जोडणी वीज बंद ठेवून करावी. मॉनिटरची केबल बहुधा एचडीएमआय असते. जुन्या मॉनिटरला दोन स्क्रूंची निळी व्हीजीए केबल असते आणि तिचे स्क्रू हाताने नीट आवळावे लागतात. कॅबिनेटमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा वेगळा भाग) असेल, तर मॉनिटरची केबल खालच्या भागातील त्या कार्डालाच जोडावी. वरच्या मदरबोर्डच्या खाचेत जोडल्यास पडदा काळा राहू शकतो आणि नवा माणूस घाबरतो.

यूएसबीच्या खाचा दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचा वेग सारखा नसतो. आतील पट्टी काळी असेल तर ती बहुधा यूएसबी २.० असते आणि तिचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असतो. पट्टी निळी असेल तर ती यूएसबी ३.० असते आणि तिचा वेग ५ गिगाबिटपर्यंत जातो. कीबोर्ड आणि माऊस यांना काळी खाच पुरते. निळ्या खाचा बाहेरील डिस्कसाठी मोकळ्या ठेवाव्यात. स्पीकरची पिन हिरव्या गोल खाचेत जाते, माइकची गुलाबी खाचेत.

देवनागरी लिहिण्याची सोय

हा विषय मी थोडा सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाचा संगणक अनेकदा येथेच अडून इंग्रजी होऊन बसतो. तसा हा प्रश्न गोव्याला जुनाच आहे. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, पण छपाईसाठी देवनागरी अक्षरांचे खिळे हाताशी नसल्यामुळे पुढच्या शतकात येथे छापलेला मराठी आणि कोकणी मजकूर रोमन अक्षरांत गेला. आज हाताशी सगळे आहे. दोन मिनिटे खर्चून ते चालू करावे लागते एवढेच.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या विभागात जाऊन मराठी ही भाषा जोडावी. त्यानंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले, की इंग्रजी आणि मराठी कीबोर्ड आलटून पालटून येतात. मराठी लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. उच्चारानुसार रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवण्याचा फोनेटिक मार्ग शिकायला सोपा आहे. दुसरा इनस्क्रिप्ट, हा भारत सरकारने प्रमाणित केलेला आराखडा आहे; त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. आठवड्यातून दोन ओळी लिहिणाऱ्याने फोनेटिकवर समाधान मानावे. रोज पानभर लिहिणाऱ्याने मात्र पंधरा दिवस कष्ट सोसून इनस्क्रिप्ट शिकावे, कारण त्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते आणि संगणकाने शब्दाचा अंदाज बांधण्याची वाट पाहावी लागत नाही.

उदाहरण करून पाहू. इनस्क्रिप्ट चालू करून इंग्रजी आय, ए, बी आणि ई या कळा ओळीने दाबाव्यात. पडद्यावर ग, त्याला ओकाराची मात्रा, मग व आणि शेवटी काना असे उमटून ‘गोवा’ हा शब्द तयार होतो. जोडाक्षरासाठी पाय मोडण्याचे चिन्ह लागते, ते डीच्या कळेवर आहे. ‘दर्या’ असे साधा र वापरून लिहिले की रफार येतो. आपल्याला हवा असलेला ‘दऱ्या’मधला अर्धचंद्रासारखा र मिळवण्यासाठी शिफ्ट धरून जे दाबावे, मग डी आणि मग य. दोन्ही उच्चार रोजच्या वापरात असणाऱ्या भाषेला ही एक कळ फार मोलाची आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झालेली निमंत्रणपत्रे मी पाहिली आहेत.

जुन्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने मांडण्याच्या) फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण तेथे देवनागरीचे फक्त चित्र असते, आत साठवलेले अक्षर वेगळेच असते. म्हणून नवीन काम युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक चिन्हाला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, करावे. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नेहमीच्या साठवणपद्धतीत ३ बाइट (बाइट हे साठवणुकीचे छोटे एकक) जागा घेते. वर लिहिलेल्या ‘गोवा’ शब्दात चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट झाले. हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

कीबोर्डची निगा साधी आहे. त्यावर खाणे टाळावे, कारण एका लाडवाच्या कणासाठी मुंग्यांची रांग कळांखाली शिरते. आठवड्यातून एकदा केबल काढून कीबोर्ड उपडा करून झटकावा.

स्कॅनर आणि प्रिंटर

जुने कागद, नाटकाच्या वह्या किंवा जमिनीची कागदपत्रे स्कॅन करताना ३०० डीपीआय हे प्रमाण पुरेसे असते. लहान आकाराच्या जुन्या फोटोंसाठी ६०० घ्यावे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे ते. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने घेतले, की २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात आणि रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. म्हणजे न दाबता साठवलेले एक पान सुमारे २६ मेगाबाइटचे होते. याउलट शंभर पानांचे संपूर्ण नाटक युनिकोडमध्ये टंकले, तर ते अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास बसते. टंकणे आणि स्कॅन करणे यांत साठवणुकीच्या दृष्टीने एवढे अंतर आहे. तरीही हस्तलिखित असेल तर दोन्ही करावे: अक्षराचे वळण, समासातील टिपा आणि खाडाखोड ही टंकलेल्या प्रतीत येत नाहीत. झिजलेल्या शिवणीची वही काचेवर दाबून सपाट करण्यापेक्षा वरून फोनने उजेडात फोटो काढणे बरे. चित्र थोडे कमी प्रतीचे आले तरी वही वाचते.

प्रिंटरबाबत नवख्यांची निराशा होण्याचे मुख्य कारण म्हणजे वापराचा अंदाज न घेता केलेली खरेदी. इंकजेट महिनोन्महिने पडून राहिला, की त्याच्या तोंडाशी शाई सुकते. म्हणून तो घेतल्यास आठवड्यातून एकदा रंगीत पान छापावे. लेझर प्रिंटरमध्ये कोरडी पूड असते, ती सुकण्याचा प्रश्न नाही आणि छापलेल्या पानावर पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर पसरत नाही. महिन्याला चार-पाच पानेच छापायची असतील, तर प्रिंटर घेऊच नये, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. पावसाळ्यात कागद ओल शोषून वाकतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो. तेव्हा रीम वेष्टनातच ठेवावी, लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालावीत. अडकलेला कागद ओढताना तो ज्या दिशेने पुढे सरकतो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा.

साठवण

आता मुख्य गोष्ट. कॅबिनेटच्या आत एसएसडी घ्यावी, कारण तिच्यात फिरणारा भाग नसतो आणि संगणक झटकन चालू होतो. बाहेरील प्रतीसाठी यूएसबी हार्ड डिस्क घेतली तरी चालते. तिच्यात तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या फिरत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून तरंगत असते, म्हणून चालू असताना ती हलवू नये. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते, याबद्दल दुकानदाराशी भांडू नये. कंपनी दशमान पद्धतीने हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. जागा तेवढीच असते. पण दोनशे-तीनशे रुपयांत २ टेराबाइटचा पेन ड्राइव्ह कोणी देऊ लागला, तर तो नक्कीच खोटा समजावा. अशा वस्तू क्षमता फुगवून सांगतात आणि खरी जागा भरली की पुढचे सगळे गमावतात.

पेन ड्राइव्ह ही ने-आण करण्याची वस्तू आहे, जपून ठेवण्याची नव्हे. हे मला शिकावे लागले ते असे. आमच्या फोंडा तालुक्यातील गावात देवळाच्या जत्रेला मराठी नाटक होते. एका वर्षी जुन्या संहितेची जीर्ण वही माझ्याकडे आली, मी महिनाभर बसून तीन अंक टंकले, फाइल पेन ड्राइव्हवर ठेवली आणि तो टेबलाच्या खणात टाकून पावसाळा काढला. ऑक्टोबरात तालमी सुरू झाल्या तेव्हा त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसत होता. तो शर्टाला पुसून मी जोडला. पडद्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचे आहे का?’ असा प्रश्न आला आणि घाईत मी होकाराचे बटण दाबले. फॉरमॅट म्हणजे आतले पुसून साधनाची नव्याने मांडणी करणे. मूळ वही तोवर कसरीने खाल्ली होती. शेवटी प्रॉम्प्टरकाकांच्या वहीवरून पुन्हा टंकावे लागले, आणि त्या वहीत तिसऱ्या अंकातील निम्मे संवाद वेळ वाचवण्यासाठी पूर्वीच कापलेले होते. ते आजही नाहीत.

असा प्रश्न समोर आला तर नकार द्यावा. पेन ड्राइव्ह काढावा, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, आणि मग दुसऱ्या खाचेत, शक्य तर दुसऱ्या संगणकावर जोडून पाहावे. तरीही फाइली दिसल्या नाहीत तर त्यावर नवीन काहीही न लिहिता डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे द्यावा. फॉरमॅट झाल्यानंतरही काही वेळा फाइली सापडतात, पण वर नवीन मजकूर चढला की ती आशा संपते. साधन काढण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय न चुकता वापरावा, कारण लिहिण्याचे काम पडद्यावर संपलेले दिसले तरी आत थोडे बाकी असू शकते.

जत्रेच्या नाटकाचे तीन तासांचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेताना ‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश आला, तर जागा कमी आहे असे समजू नये. फॅट-३२ या जुन्या मांडणीत एकच फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी चालत नाही. ड्राइव्ह रिकामा असेल तर तो एक्सफॅट या नव्या मांडणीत फॉरमॅट करावा. जुन्या टीव्हीवर लावायचा असेल तर मात्र चित्रीकरणाचेच तुकडे करावे लागतात.

बाहेरील डिस्क पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. तांदळात ठेवण्याचा उपाय लोक सांगतात, पण तांदळाची पूड खाचांत जाते. एसी खोलीतून आणलेली थंड डिस्क किंवा लॅपटॉप दमट खोलीत लगेच चालू करू नये, कारण थंड पृष्ठभागावर बाष्प जमते; अर्धा तास थांबावे. डेस्कटॉपला मात्र डब्यात ठेवता येत नाही, तेव्हा तो पावसाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास चालवावा. आतल्या उष्णतेनेच तो कोरडा राहतो. घरातील जुन्या सीडींवर बुरशीची जाळी आलेली असेल, तर त्यांतील सामग्री वाचता येते तोवर डिस्कवर उतरवून घ्यावी. नव्या संगणकांत सीडी वाचण्याची सोय बहुधा नसते, त्यासाठी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो.

शेवटी प्रतींची व्यवस्था. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. गूगलच्या खात्यात १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते, टंकलेल्या मजकुरासाठी ती आयुष्यभर पुरेल. पण संगणकाशी आपोआप जुळवून घेणारे क्लाउड (इंटरनेटवरील साठवणुकीचे) फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे: संगणकावर चुकून फाइल पुसली, की तेथूनही ती जाते आणि कचरापेटीत ठरावीक दिवसच राहते. घराबाहेरची प्रत म्हणून मी दोन सारख्या डिस्क घेतल्या आहेत. एक घरी असते, दुसरी बहिणीकडे म्हापशाला. चवथीला ती माहेरी येते तेव्हा तिच्याकडची डिस्क सोबत आणते आणि परत जाताना आमची ताजी डिस्क घेऊन जाते. अदलाबदल करण्यापूर्वी आलेली डिस्क जोडून तिच्यातील दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहतो, एखादे पान शेवटपर्यंत वाचतो. उघडली नाही, तर घरची प्रत हाताशी असतानाच नवी डिस्क आणायला वेळ मिळतो.